आरोग्याची उतरंड

‘देवी’ हा शब्द मराठीत रोगासही लागतो आणि रोगावरील उपायासही. मुलास देवी येतात. आणि त्या येऊ नयेत म्हणून सरकारी माणूस गावात येऊन देवी काढून जातो. परदेशातून आलेल्या एका उपायास लोकांनी येथल्याच देवतेचे नाव देऊन घरात घेतले. भाषेने घडवून आणलेला हा समेट कोणत्याही कायद्याने घडविला नव्हता. मुंबई इलाख्याच्या आरोग्यखात्याचा इतिहास चाळू लागले म्हणजे असे आढळते की, हे खाते जेथे जेथे यशस्वी झाले तेथे तेथे असा काही समेट आधी होऊन गेलेला होता. आणि जेथे ते फसले तेथे तो करण्याची त्यास गरजच वाटलेली नव्हती. लढाया, तह आणि गव्हर्नरांच्या कारकीर्दी यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु सरकारने प्रजेच्या दंडाला, जिभेला, न्हाणीला आणि माजघराला हात कसा लावला, व तो लावू देण्यास प्रजा कशी तयार झाली, हा इतिहास त्या मानाने उपेक्षितच राहिला आहे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस होय. जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात केलेला प्रयोग सहा वर्षांत येथवर आला खरा, पण तो बाटलीतून आला नाही. त्या काळी लस सुकून निकामी होई. म्हणून एका मुलाच्या दंडावरील फोडातून ती दुसऱ्याच्या दंडावर, त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, अशी बगदाद व बसरा या मार्गाने ती हातोहात मुंबईस पोहोचली. आणि या मुलीच्या दंडावरून पुढे मद्रास व सिंहलद्वीप येथवर गेली. म्हणजे लस टिकवून धरण्याचे भांडे माणसाचे मूल हेच होते. साखळी एके ठिकाणी तुटली की सारा उद्योग पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागे.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. मुंबई इलाख्यातील आरोग्यव्यवस्थेला जो आकार आला तो या एका अडचणीतून आला. दवाखाना बांधून त्यात वैद्य बसविला आणि रोग्यांची वाट पाहिली, असे लसीच्या बाबतीत चालण्यासारखे नव्हते. कारण निरोगी मूल दवाखान्यात कशाला येईल? मुलापाशी जाणारा, आणि साखळी तुटू न देता गावोगाव फिरणारा माणूस हवा होता. १८२७ साली मुंबई सरकारने इलाख्याची मंडळे पाडून प्रत्येकावर एक युरोपियन सुपरिंटेंडेंट नेमला आणि त्याच्या हाताखाली पगारी देशी लस टोचणारे दिले. ‘मुंबईची पद्धत’ या नावाने ही रचना पुढे इतर प्रांतांत वाखाणली गेली. सुपरिंटेंडेंट तपासणीस येई. टोचणारा मात्र घरोघर जाई. पुढल्या सव्वाशे वर्षांत खात्याची नावे अनेकदा पालटली, अधिकाऱ्यांच्या पदव्या पालटल्या, पण हा मूळ साचा राहिला.

टोचणाऱ्याचे काम कसे चाले ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात लस टिकत नाही म्हणून त्याचा मुख्य हंगाम थंडीचा. गावात आल्यावर पाटलाकडून न टोचलेल्या मुलांची नावे घ्यावयाची. मुले चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर जमवावयाची. टोचून झाल्यावर आठव्या दिवशी पुन्हा यावयाचे व फोड आला की नाही ते पाहावयाचे. आणि याच आठव्या दिवशी त्याला खरा अडथळा येई. ज्या मुलाचा फोड चांगला भरला असेल त्याच्याच दंडातून पुढील मुलांसाठी लस घ्यावयाची असे. स्वतःच्या मुलाच्या रक्षणासाठी दंड पुढे करणारी आई, दुसऱ्याच्या, त्यातही परजातीच्या, मुलासाठी तोच दंड पुन्हा कोरून घेण्यास राजी होत नसे. तिला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक एकाच्या शरीरातील द्रव दुसऱ्याच्या शरीरात घालण्यात इतरही रोग जाण्याचे भय होतेच, आणि ते पुढे वैद्यांनीही मान्य केले. वासराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आली तेव्हा ही अडचण दूर झाली. १९०४ च्या सुमारास बेळगावास इलाख्याचे लसकेंद्र निघाले आणि तेथून नळ्यांत भरलेली लस जिल्ह्याजिल्ह्यांस जाऊ लागली.

लस सक्तीची करणारा कायदा मुंबई शहरापुरता १८७७ साली झाला. त्यानंतर १८८० चा हिंदुस्थान सरकारचा कायदा आला, आणि तोही जेथे तो लावण्यात येईल तेथेच लागू. म्हणजे टोचणारा गावोगाव हिंडू लागल्यावर पन्नास वर्षांनी सक्तीचा विचार झाला. आधी सेवा, मग सवय, आणि शेवटी कायदा, असा हा क्रम पडला. तो शहाणपणाने ठरविलेला होता असे मानण्यास मात्र आधार नाही. सरकारजवळ सक्ती करण्याइतकी माणसे नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. परंतु गरिबीतून आलेला क्रमही कित्येकदा हिताचा ठरतो.

दुसरे अंग निघाले ते छावण्यांतून. १८५७ च्या बंडानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यास नेमलेल्या रॉयल कमिशनने १८६३ साली आपला अहवाल दिला. शत्रूच्या गोळीपेक्षा हगवण, पटकी आणि ताप यांनीच शिपाई अधिक मरतात, आणि दर हजारी वर्षास सुमारे ६९ मृत्यू होतात, असे त्यात निघाले. छावणीच्या भिंतीपाशी रोग थांबत नसल्यामुळे शेजारच्या बाजाराचे व गावाचे आरोग्यही पाहणे भाग पडले; १८६४ साली तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी कमिशने बसली आणि पुढे सॅनिटरी कमिशनर हे पद कायम झाले. लसखातेही कालांतराने त्याच्याच हाताखाली आले.

सॅनिटरी कमिशनरच्या हाती मुख्य साधन होते ते नोंदवहीचे. गावात कोणी मेले की पाटील किंवा कुळकर्णी ते टिपून ठेवी. महिन्याचा तक्ता मामलेदाराकडे, तेथून जिल्ह्यास आणि शेवटी कमिशनरच्या कचेरीत जाई. मरणाची कारणे मोजकीच असत: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, आणि इतर. कुळकर्ण्याने नाडी पाहिलेली नसे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितले ते तो लिही, आणि जे कोणत्याच रकान्यात बसेना ते ‘ताप’ या रकान्यात घाली. त्यामुळे वर्षानुवर्षे हाच रकाना सर्वांत फुगलेला दिसतो. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग असे सारे त्यात एकत्र पुरलेले आहेत. तथापि या वह्यांची थट्टा करून चालणार नाही. मृत्यूचे कारण चुकले तरी मृत्यूचा आकडा फारसा चुकत नसे, आणि एखाद्या तालुक्यात तो एकाएकी चढला की वरच्या कचेरीस त्याचा सुगावा लागे. या खात्याचे डोळे म्हणून जे काही होते ते चावडीवरच्या एका दप्तरात होते.

घरातील उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि लहान बोळके वर. या खात्याच्या उतरंडीत क्रम उलटा होता. पगार, पदवी आणि शब्दाचे वजन हे सारे माथ्याशी. आणि टोचणारा, नोंदणारा व गटार उपसणारा यांच्यापाशी त्यांतले काहीच नाही. शिवाय माथ्यावरच्या कमिशनरलाही एक गोष्ट मिळाली नव्हती, ती म्हणजे पैसा. तो अहवाल लिही, शिफारस करी. पण विहीर बांधावयाची की नाही हे कलेक्टर आणि लोकल फंड यांनी ठरवावयाचे. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस घेत, तो मुख्यतः रस्ते आणि शाळा यांवर जाई. १८८२ सालच्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि आरोग्याची जबाबदारी या बोर्डांवर व म्युनिसिपालिट्यांवर पडली. जबाबदारी खाली आली. तिजोरी मात्र वरच राहिली.

१८८९ साली मुंबई सरकारने गावांच्या स्वच्छतेचा खास कायदा केला. गावोगाव आरोग्यसमित्या नेमाव्या, त्यांनी नियम करावे, घाण करणारास दंड करावा अशी ती योजना. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे या कायद्याकडे बारीक लक्ष होते. त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही, पण हिंदुस्थानच्या आरोग्यावर त्यांच्याइतका पत्रव्यवहार क्वचितच कोणी केला असेल. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. गावाकडून घेतलेल्या सेसवर पहिला हक्क गावाच्या स्वच्छतेचा असावा, इतर कामे त्यानंतर, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही. परिणामी ज्या गावास झाडूवाल्याचे वेतनही परवडत नव्हते त्या गावास नियम करण्याचा अधिकार मिळाला, आणि फारच थोड्या गावांनी तो वापरला. एखाद्याच्या हातात रिकामी घागर देऊन पाणी वाढण्याचा हुकूम करावा, तसा हा प्रकार झाला.

अशा स्थितीत १८९६ चा प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मुंबई शहराचा कारभार १८८८ च्या कायद्याप्रमाणे कॉर्पोरेशनकडे होता आणि त्याचे स्वतंत्र आरोग्यखातेही होते. विहारचे व त्यानंतर १८९२ पासून तानसाचे पाणी या शहरास मिळत होते. म्हणजे त्या काळच्या मानाने येथे व्यवस्था नव्हती असे नाही. परंतु रोगाचे कारण कोणास ठाऊक नव्हते. उंदीर आणि पिसू यांचा संबंध अद्याप सिद्ध झालेला नव्हता. रोग घाणीतून येतो, दूषित हवेतून येतो, जमिनीतून येतो, अशी मते होती. म्हणून गटारे धुण्यात आली, घरांवर औषधे फवारण्यात आली, कौले काढून आत ऊन घेण्यात आले, आणि ऑक्टोबरात रोग्यास बळाने रुग्णालयात नेण्याचा हुकूम निघाला. त्याच महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. लाखो लोक शहर सोडून गेले. जाताना कित्येकांनी रोगही बरोबर नेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. तो मुळात अवघ्या चार कलमांचा होता. सरकारने काय करू नये याविषयी त्यात एक अक्षर नाही. आणि त्याप्रमाणे वागणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालू नये याची तजवीज मात्र आहे. या कायद्याच्या जोरावर मुंबईत व पुण्यात नेहमीची व्यवस्था बाजूस सारून प्लेगकमिट्या बसविण्यात आल्या. मुंबईच्या कमिटीचे अध्यक्ष जनरल गॅटॅकर, म्हणजे लष्करी अधिकारी. पुण्याच्या कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, म्हणजे मुलकी अधिकारी, पण हाताशी गोरे शिपाई. सत्तर वर्षे लसखात्याने जो उंबरठा विनवणीने ओलांडला होता, तो आता बुटांनी ओलांडला जाऊ लागला.

पुण्यातील त्या मार्च ते मे महिन्यांची हकीकत मराठी वाचकांस सांगावयास नको. घरझडत्या, रोग्यास वेगळे करून संगमावरील रुग्णालयात व त्याच्या घरच्यांस सेग्रिगेशन कँपात नेणे, सामान जाळणे, स्त्रियांची तपासणी, देवघरांची विटंबना झाल्याच्या तक्रारी, या सर्व गोष्टी त्या वेळच्या वृत्तपत्रांत भरलेल्या आहेत. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व ३ जुलै रोजी ते मरण पावले. या घटनेचा राजकीय अर्थ पुष्कळांनी विशद केला आहे. आरोग्यखात्याच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे, आणि तो अधिक काळजीचा आहे. झडती येणार म्हणून लोक रोगी लपवू लागले. प्रेते रातोरात पुरली वा जाळली जाऊ लागली. ज्या नोंदवहीवर सर्व व्यवस्था उभी होती तीच खोटी होऊ लागली. सक्तीने खात्याचे हात बळकट झाले असतील, पण त्याचे डोळे गेले.

याच दिवसांत, याच शहरात, रोग्यांपर्यंत पोहोचण्याचे दुसरे मार्ग निघालेच नाहीत असे नाही. डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांस तेथे आणू लागल्या. त्याच शुश्रूषेत त्यांस प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढले. मुंबईतही निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली रुग्णालये उघडली, आणि कमिटीने त्यांस परवानगी दिली. जातवार रुग्णालय ही काही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. परंतु आपल्या माणसाच्या हातचे पाणी पिऊन मरावे एवढीच ज्याची मागणी आहे त्यास ती मिळाली तर तो रोग लपवीत नाही, हे सरकारास समजण्यास एक खून आणि अनेक दंगे लागले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगा झाला आणि त्यानंतर सक्तीचे नियम सैल होत गेले.

सक्तीची जागा घेण्यास तोवर दोन गोष्टी तयार झाल्या होत्या. पहिली हाफकिन यांची लस. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आलेल्या या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमक्ष टोचून घेऊन आपल्या अनुयायांस धडा घालून दिला. टोचलेल्यास प्लेगच्या कडक नियमांतून सूट मिळू लागली तेव्हा या लसीकडे लोक वळले. इलाख्याच्या दक्षिण भागात, हुबळी शहरात, १८९८ साली हजारो लोकांनी ती घेतली. सूट हे आमिषच होते, पण ते दंडुक्यापेक्षा बरे होते.

दुसरी गोष्ट लोकांनी स्वतःच शोधली होती. खेड्यात ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून रानात झोपड्या घालावयाच्या, आणि थंडी संपून ऊन तापले म्हणजे परत यावयाचे, हा रिवाज दख्खनमध्ये पडून गेला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीस (कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती) उंदरावरील पिसवांचा पुरावा मांडला, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या संशोधक मंडळींनी काम करून तो खरा ठरविला. मधल्या काळात माळावर झोपडी घालून राहणारा कुणबी पिसूविषयी काही जाणत नव्हता, पण वागत होता ते शास्त्राच्या बाजूनेच. येथे पाटलाचे काम बदलले. पूर्वी तो माणसे मेल्याचे कळवी. आता उंदीर मेल्याचे कळवू लागला, आणि ती बातमी अधिक मोलाची होती.

लसीच्या कथेला एक शोकपर्व आहे. १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि तेथून लस साऱ्या देशभर जाऊ लागली. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी ती टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. सर्व दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांस पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे निघाले, आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. त्यांच्यावर अन्याय झाला हे सर्वजण लिहितात, आणि ते योग्यच आहे. १९२५ साली त्या संस्थेस त्यांचे नावही देण्यात आले. पण त्या मदतनिसाकडे कोणी पाहत नाही. एका शहरात एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि शेकडो कोसांवरच्या खेड्यात एक चिमटा, एक दिवा आणि घाईने टोचीत सुटलेला माणूस! दोहोंमध्ये शिकविणारा, तपासणारा, थांब म्हणणारा असा कोणीच नव्हता. ही मधली पोकळी आजही या व्यवस्थेच्या अभ्यासकांस परिचयाची आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने ही पोकळी पुन्हा दाखविली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्याजवळ ना औषध होते ना पुरेशी माणसे. घरोघर दूध, औषध आणि कांबळी पोहोचविण्याचे काम सोशल सर्व्हिस लीगसारख्या लोकांच्या संस्थांनी केले. वीस वर्षांपूर्वी ज्या शहराने सरकारी माणसास दारातून हाकलले, त्याच शहरात हे स्वयंसेवक घरात घेतले गेले.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांच्या स्वाधीन केला. सॅनिटरी कमिशनरचा सार्वजनिक आरोग्याचा डायरेक्टर झाला. द्विदल राज्यपद्धतीत खजिना गव्हर्नरच्या बाजूस आणि आरोग्य मंत्र्याच्या बाजूस, ही १८८४ चीच तऱ्हा वरच्या मजल्यावर झाली. १९३७ साली डॉ. गिल्डर यांच्यासारखा नामांकित वैद्य आरोग्यमंत्री झाला, पण दोन वर्षांत ते मंत्रिमंडळच गेले.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तोवरच्या शंभर वर्षांचा हिशेब त्यात सापडतो. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले पहिल्या वर्षाच्या आत मृत्यू पावलेली. समितीने मुख्य गोष्ट सांगितली ती ही की, रोग बरा करणारे खाते आणि रोग टाळणारे खाते ही दोन नसावीत. ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे आणि दोन्ही कामे त्याने करावी. याच सुमारास मुंबई प्रांताच्या मलेरिया संघटनेने डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाड या जिल्ह्यांत घराघरांतून डीडीटी फवारले, व १९५३ च्या राष्ट्रीय योजनेस त्या अनुभवाचा आधार मिळाला. फवारणीवाला भिंतीवर तारीख लिहून जाई. देवी काढणाऱ्यानंतर घरात शिरकाव मिळालेला हा दुसरा सरकारी माणूस होय.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण आरोग्य त्यांच्याकडे गेले. आजची मांडणी सामान्यतः अशी आहे: सपाटीच्या मुलखात ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, आदिवासी व डोंगरी भागात हेच प्रमाण ३,००० आणि २०,०००. ही सर्व जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. त्यावरची ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. एकाच जिल्ह्यात दोन अधिकारी, दोन कचेऱ्या, दोन वरिष्ठ! भोर समितीने जी भिंत पाडावयास सांगितली ती पाडली न जाता थोडी सरकली, एवढेच. अडलेल्या बाळंतिणीस उपकेंद्रातून केंद्रात आणि केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात नेताना वाटेत ही भिंत लागते. बाईला तिची खबर नसते. ती फक्त दुसऱ्या दवाखान्यात आपली हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगते. या दुहेरी मांडणीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे मी म्हणत नाही. गावच्या केंद्राला औषधे का नाहीत हा प्रश्न निवडून आलेल्या सभासदाला विचारता येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि रँड यांच्या काळी ती कोणास स्वप्नातही दिसली नसती.

देवी हा रोग देशातून १९७५ साली गेला. १९७७ साली देश मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवी काढणारा, मलेरियाचा फवारणीवाला आणि इतर एकेका रोगाचे एकेक कर्मचारी यांचे मिळून बहुउद्देशीय आरोग्यसेवक करावे, अशी शिफारस कर्तारसिंग समितीने १९७३ साली केली होती. त्याप्रमाणे दीडशे वर्षांचा तो जुना पेशा सरकारदप्तरातून नाहीसा झाला.

त्याची जागा कोणी घ्यावी याचे उत्तर सरकारी कचेरीच्या बाहेर निघाले. १९७० पासून नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम सुरू केले. गावच्या शिकविलेल्या बाईने घरी जाऊन नवजात अर्भकाची काळजी घेतल्याने तेथील नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार वस्तीस एक अशी ‘आशा’ नेमली, तिच्या घडणीत या अनुभवांचा मोठा वाटा आहे. आशा त्याच गावची सून असते. तिला उंबरठा ओलांडावा लागत नाही, ती अलीकडचीच असते.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने जो कायदा लावला तो १८९७ चाच, चार कलमांचा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत पथकांनी घरोघर जाऊन माणसांचा ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजला. खेड्यापाड्यांतील या पथकांत आशा होत्या. १८९७ च्या कायद्याखाली या वेळी पुण्यात आणि इतरत्र दारात उभी राहिली ती हिशेबाची वही, तापमापक आणि तोंडावर फडके घेतलेली, घरच्यांस नावाने हाक मारणारी बाई. तिच्यावरही काही ठिकाणी लोक चालून गेले, पण बहुतेक दारे उघडली. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला. त्यांची मुख्य तक्रार अशी होती की, सरकार आमच्याकडून काम घेते, पण आम्हांस कर्मचारी म्हणत नाही. जे देते त्यास वेतन न म्हणता मानधन आणि मोबदला म्हणते. आठवड्याभराने मोबदल्यात काही वाढ मिळून संप मिटला. पदाचे नाव मात्र ‘स्वयंसेविका’ असेच राहिले.